देवाला सोडलेला बोकड

मटणाच्या एका कंपनीने दुप्पट भाव देऊन पुसेगावातले सगळे बोकड अन् करडं उचलली, तसे बाजारातले बाकीचे व्यापारी उठून गेले. माळकरी लिंबाजीने देवाला सोडलेला बोकड तेवढा दिला नाही. गावच्या शेळ्या त्या बोकडाकडूनच फुकट गाभण राहायच्या.

मग कंपनीने कळवलं, "यापुढं फक्त आमच्या बोकडाचीच करडं घेऊ."

दुसऱ्याच दिवशी गाव लिंबाजीच्या दारात आलं. बजरंग म्हणाला, "काका, तुमचा बोकड मोकळा फिरतोय, अन् त्याची करडं आता कंपनी घ्यायची न्हाई. कापाया लागंल."

"अरे, देवाचा हाय तो!"

"व्हय, पण देव करडं इकत घेतो का? आमाला घावत न्हाई तो. हाक तेवढी तुमी मारा."

लिंबाजीने दावणीच्या आपल्या चार शेळ्यांकडे पाहिलं, अन् अभंग म्हणायच्या गोड गळ्याने हाक मारली. बोकड धावत आला.