शेवटचं माप

खातं चोरीला गेल्याचं टेलरमास्तरांना सकाळी कळलं, दुकानाचं शटर अर्ध्यावर असताना.

शिवायला बसण्याआधी ते रोज बायकोचा आवाज ऐकत. आजारपणात ती अंथरुणावरून दुकानात निरोप पाठवायची, लिहायचा कंटाळा म्हणून बोलून. अहो, येताना दूध आणा. अहो, त्या शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या कोटाला काजं करायची राहिलीत, विसराल. फोन भरला तेव्हा मुलीने ते सगळे निरोप एका ऑनलाइन खात्यात ठेवले आणि फोनमधून काढून टाकले. दुसरीकडे ते कुठेच नव्हते. आज फोन म्हणत होता, पासवर्ड चुकीचा आहे.

शटर तसंच ठेवून ते समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले.

तिथली बाई त्यांच्याकडून आपल्या मुलीचे गणवेश शिवून घ्यायची. फोन बघून तिने सांगितलं की कुणीतरी आत शिरून पासवर्ड बदललाय. आता एकच मार्ग होता. चोरीच्या आधीचा शेवटचा पासवर्ड सांगायचा. जुळला तर खातं परत मिळेल. तीनदा चुकला तर कायमचं बंद.

मास्तरांनी मागे बाकाकडे पाहिलं. बाकावर इस्त्रीवाला चार्जरसाठी थांबला होता.

"लाजताय काय मास्तर? माझा पासवर्ड म्हणजे माझंच नाव. चोर आला तरी नेणार काय, सुरकुत्या?"

बाई हसली. म्हणाली, इथे लोक कुत्र्याचं नाव सांगतात, जुन्या प्रेमाचं सांगतात, आणि वर मलाच दटावतात, घरी बोलू नका म्हणून. तुम्ही बिनधास्त सांगा.

"तेरा, तीस, चोवीस," मास्तर म्हणाले.

"हे काय?"

"खांदा, छाती, कंबर."

बाईने आकडे टाकले. इस्त्रीवाला आपल्या चपलांकडे बघत राहिला.

मुलगी दर थोड्या महिन्यांनी बजावायची, बाबा, पासवर्ड बदला. मास्तरांना दुसरं काही सुचत नसे, आणि माप तेवढं पाठ राहायचं. बायको आजारी पडली, कपडे सैल व्हायला लागले. ते टेप लावायचे, कपडा आत घ्यायचे आणि तेच आकडे खात्याला द्यायचे. ती म्हणायची, आता माझी कंबर जगाला सांगून मोकळे व्हा.

आकडे जुळले नाहीत.

"याच्यानंतर बदललेला का?"

बदलला होता. दवाखान्यात, एकदाच. मास्तरांनी अंदाजाने आणखी एक माप सांगितलं. तेही जुळलं नाही. बाईने फोन काउंटरवर ठेवला.

"नुसते आकडे ठेवायला नको होते, मास्तर. असलं कुलूप कुणीही उघडतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आता एकदाच टाकता येईल. आठवून या. मी आहे इथे."

त्यांना आठवायला हवं होतं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांची मापं कधी विसरली नव्हती. पण त्या मापांची पद्धत ठरलेली होती. टेप लावून मास्तर मोठ्याने आकडा म्हणायचे, बायको तो परत म्हणायची आणि लिहायची. तिच्या स्वतःच्या मापालाही तसंच. तिने परत म्हटलं की आकडा डोक्यात बसायचा. दवाखान्यात तिच्या पाठीखालून टेप घेतली तेव्हा मास्तर आकडे मनातच म्हणाले. तिला ऐकू जाऊ नयेत म्हणून.

"किती झाली?" तिने विचारलं होतं.

"होती तेवढीच," ते म्हणाले होते.

दुकानात येऊन त्यांनी खुंटीवरचा बायकोचा गाऊन काढला. दवाखान्यातल्या त्याच मापाने तो आत घ्यायला काढलेला. टेबलावर पसरून त्यांनी टेप लावली. एक बाजू जवळजवळ शिवून झाली होती, तिच्यावरून दुसरीचा हिशेब करता आला. पण हे माप कापडाचं होतं. अंगाच्या मापावर दोन इंच सैल ठेवायचं, हे त्यांचं नेहमीचं. त्या दिवशी जास्त ठेवलं होतं. तिला गाऊन घट्ट होऊ नये म्हणून, की गाऊन फार लहान दिसू नये म्हणून, ते आठवत होतं. किती ठेवलं, ते आठवेना.

त्यांनी तीन इंच धरले. समोर जाऊन आकडे सांगितले.

बाईने ते टाकले, बराच वेळ वाट पाहिली, मग फोन त्यांच्याकडे वळवला. वाचायला चष्मा नव्हता. तिच्या तोंडाकडे बघूनच त्यांना समजलं.

"तुमच्या मुलीला मी फोन करू का?" तिने विचारलं.

"मी करतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी केला नाही. दुकानात येऊन शटर पूर्ण वर केलं आणि मशीनसमोर बसले. मास्तरीणबाई नवा कोट न्यायला आल्या. आठवणीने काजं केलीत ना, त्यांनी विचारलं. मास्तरांनी कोट घडी करून दिला.

गाऊन टेबलावरच होता. एका बाजूची शिलाई संपत आली असताना दवाखान्यातून फोन आला होता. सुई अजून कापडात आहे. दुसरी बाजू घ्यायची राहिली आहे.