हरणाऱ्या संघाचा बोकड

एकोणतीस-तीस. खेळ संपायला एक मिनिटही उरलं नव्हतं आणि भोरच्या मैदानावरचे झाडून सगळे उभे होते. खाली बसला होता तो एकटा कोंडिबा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सरदारचं दावं. सरदार म्हणजे त्याचा बोकड. आता कबड्डीच्या मैदानावर बोकड कशाला, असं विचाराल तर ती सगळी कोंडिबाच्या जिभेची करामत.

यंदा तालुक्यातालुक्यांची कबड्डी लीग निघाली. कापूरहोळच्या ढाबेवाल्या हणमंतशेठनं वेल्ह्याकडची वीस-बावीस वर्षांची पोरं पगारावर घेतली आणि तिथल्या नदीवरून संघाचं नाव ठेवलं ‘कानंदी एक्स्प्रेस’. वेल्ह्याच्या बाजारात नारळ फुटला, हलगी कडाडली आणि कोंडिबाला स्फुरण चढलं. भर गर्दीत छाती ठोकून म्हणाला, “ज्या दिशी पयला सामना जिताल, तवा जाग्यावर माझा सरदार तुमचा! करा ढाब्यावर रस्सा!”

घरी साळूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “उचलली जीभ लावली टाळ्याला!” सरदारची आई बिबट्यानं नेली, तेव्हा तो वीतभर होता. दोघा नवराबायकोंनी त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं.

पण शब्द तो शब्द. ‘जाग्यावर’ म्हटलं म्हणून दर सामन्याला बोकड न्यावा लागे. संघाच्याच टेम्पोत मागं कोंडिबा आणि सरदार बसत. आणि संघ? नाव एक्स्प्रेस, चाल मुक्कामाच्या एसटीची. नऊ सामने झाले, नऊच्या नऊ हरले. तिसऱ्या सामन्यानंतर गावची माणसं यायची बंद झाली, सहाव्यानंतर शेठही फोनवरच निकाल विचारू लागला. कोंडिबा मात्र हजर. संघ हरला की तोंडानं “अरेरे” म्हणायचा आणि मुंडाशात बांधलेला गुळाचा खडा हळूच सरदारला भरवायचा.

खरी मेख पुढंच आहे. कोंडिबाचा उभा जन्म शेरडांमागं गेलेला. कुठलं शेरडू कधी उधळणार, हे नुसत्या मानेवरून ओळखणारा गडी. त्यानं पहिल्याच सामन्यात कप्तान सूरजची खोड पकडली होती. चढाईवरून माघारी वळायच्या आधी सूरज एकदा मधल्या रेषेकडं बघायचा. समोरचे त्या नजरेचीच वाट बघत आणि झडप घालत. नऊ सामन्यांत हे ना पोरांच्या ध्यानात आलं, ना त्यांना खेळ शिकवणाऱ्या गुरुजींच्या. कोंडिबा गप्प राहिला. बोललं की बोकड गेला.

पण एकाच टेम्पोत नऊ वेळा बसल्यावर माणसाचं मन कुठं कोरडं राहतं? पोरं हरून येत, पण कधी एकमेकांवर खेकसत नसत. सुजलेल्या गुडघ्यांना हळदीचा लेप लावत बसत. डबा उघडला की पहिली भाकरी आबांना, म्हणजे कोंडिबाला, आणि अर्धी सरदारला. एकदा घाटात गारठा पडला तर सूरजनं अंगातली जर्सी काढून बोकडावर घातली. लबाडांनी जीव लावला होता.

आज शेवटचा सामना, भोरच्या संघाशी. शेठनं सकाळीच सांगितलं होतं, आज हरलात तर संघ मोडला, उद्यापासून आपापली कामं बघा. टेम्पोत सूरज शिरवळच्या कंपनीचा अर्ज भरत होता. कोंडिबानं ते पाहिलं.

मैदानावर पोरं एका गुणानं मागं होती, तेवढ्यात शिट्टी झाली. खेळ अर्धं मिनिट थांबला. सूरज पाणी प्यायला कडेला आला. आता शेवटची चढाई त्याचीच होती.

कोंडिबानं सरदारकडं पाहिलं. सरदार निवांत रवंथ करत होता. मग म्हाताऱ्यानं हाक मारली. “सूरज, हितं ये. वळायच्या आदी तू रेषेकडं बघतूस. त्या नजरंवरच तुला धरत्यात. आज बघ, पर वळू नगंस.”

सूरज चमकला. पाण्याची बाटली ठेवून तो आत गेला.

चढाई सुरू झाली. सूरजनं रेषेकडं नजर टाकली. भोरचे दोघे तिरासारखे त्याच्या माघारीच्या वाटेवर झेपावले. सूरज जागचा हललाच नाही. रिकाम्या जागेवर तोंडघशी पडलेल्या दोघांच्याही पाठीला त्यानं हात लावला आणि सरळ रेषेपार गेला. एकतीस-तीस!

वेल्ह्याची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून रडत होती. कोंडिबा उठला. त्यानं दावं सूरजच्या हातात दिलं. पण तेवढ्यानं त्याचं भागेना.

“पोरा, म्या लई वाईट माणूस हाय,” तो म्हणाला. “तुजी खोड मला पयल्याच सामन्यात दिसली हुती. ह्या बोकडापायी गप बसलो. नऊ सामने तुमी माज्यामुळं हरलात.”

सूरजनं दावं परत कोंडिबाच्या मनगटाला गुंडाळलं.

“आबा, गप तर आमीबी बसलो की. चौथ्या सामन्यालाच आमी समद्यांनी ठरवलं हुतं, जितलो तरी सरदारला हात लावायचा न्हाई.”

“आरं मग बोलला का न्हाईत?” म्हातारा जवळजवळ ओरडलाच.

सूरजनं सरदारच्या मानेवरून हात फिरवला. “भ्या वाटलं, आबा. बोकड सुटला म्हनून तुमी यायचं बंद केलं असतं, तर आमचा सामना बघायला कोन आलं असतं?”