फाटकावरचं भाषण

“तू बोललास तर ऐकतील,” कारखान्याचे मॅनेजर अविनाश साहेब म्हणाले. “गणपतीत पाहिलंय मी तुला.”

गणपतीत कामगारांनी एक जुनी शोकांतिका बसवली होती. मारल्या गेलेल्या राजाच्या प्रेतापाशी त्याचा मित्र भाषण करतो आणि मुकाट जमलेली प्रजा पेटून उठते, असा तिच्यातला मोठा प्रवेश. मित्राचं काम ललितनं केलं होतं. कारखान्याच्या गावात, खडोलीत, लोक अजून त्याला त्या पात्राच्या नावानं हाक मारायचे.

आज प्रेत खरं होतं. सूत गुंडाळणाऱ्या मशीननं सकाळी नवनाथला ओढून घेतलं होतं. देह फाटकाशी ठेवायला साहेबांनीच परवानगी दिली. पोलीस मात्र बोलावू दिले नाहीत. “आपलीच माणसं आहेत,” म्हणाले.

“अपघात होता, एवढंच सांग आणि सगळ्यांना घरी पाठव. कावेरीला सातवा महिना ना? कंपनीची खोली आहे, कंपनीचा डॉक्टर आहे. नीट चाललंय तुझं.”

साहेबांचा आवाज मऊ होता. ललित केबिनबाहेर पडला.

फाटकाशी नवनाथची बायको, बायडाबाई, त्याच्या उशाशी बसली होती. ती आणि ललित धुळ्याकडच्या एकाच गावचे. तिनं मान वर केली.

“भाऊ, तू त्यास्नी बाजू लिसन बोलशी?”

साहेबांची बाजू घेऊन बोलणार का, असं ती विचारत होती. तो कामगारांच्या गर्दीपुढं उभ्या टेम्पोवर चढला. मागे केबिनच्या खिडकीत साहेब उभे होते.

“साहेबांना दोष देऊ नका,” त्यानं सुरुवात केली. “हा अपघात होता.”

गर्दीतून शिव्या आल्या. त्यानं त्या संपू दिल्या.

“मशीनची संरक्षक जाळी साहेबांनी काढायला लावली, ती काम भराभर व्हावं म्हणून. दवाखान्यात न्यायला गाडीसुद्धा साहेबांनीच दिली. ती वापीला माल टाकून परत येईपर्यंत नवनाथ जिवंत होता. पाणी मागत होता. पण माल वेळेवर पोचला, हे आपण विसरू नये.”

आता कुणी शिव्या देत नव्हतं. बायडाबाईचं रडणंही थांबलं होतं.

“म्हणून म्हणतो, घरी जा. उद्या पाळीवर या. जाळी अजून बसवलेली नाही. नवनाथच्या जागेवर उद्या आपल्यातलाच कुणीतरी उभा राहील. कोण, ते साहेब ठरवतील. तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

पहिल्या दगडानं केबिनची काच गेली. मग फाटक गेलं. माणसं आत घुसली, मशीनं उलथली, सुताच्या गोदामातून धूर निघाला. ललितला क्षणभर बरं वाटलं. लगेच भीती वाटली. “बास करा,” तो टेम्पोवरून म्हणत राहिला. त्याचं तेवढंच कुणी ऐकलं नाही.

घरी येऊन त्यानं कावेरीला सामान बांधायला सांगितलं.

“साहेबांविरुद्ध मी एक शब्द बोललो नाही,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“मग सामान कशाला बांधायचं?” कावेरीनं विचारलं.

सकाळी दाराशी कंपनीची जीप आली आणि ललितला घेऊन निघाली. कारखान्याच्या फाटकावर कुलूप होतं आणि बाहेर माणसं उन्हात नुसती बसून होती. जीप थांबली नाही. पोलीस चौकीही मागे पडली. जीप सिल्वासात साहेबांच्या बंगल्यापाशी उभी राहिली.

साहेब एकटेच व्हरांड्यात होते. ललितनं हात जोडले.

“साहेब, तुम्ही सांगितलं तेवढंच बोललो मी. अपघात होता म्हणालो. घरी जा म्हणालो.”

“बस,” साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं कपात चहा ओतला. “खोली सोडू नकोस. कावेरीचं बाळंतपण कंपनी करील. एक तारखेपासून तू आपल्या दमणच्या युनिटमध्ये जा. तिथले कामगार फार शांत आहेत, आणि इथल्यासारखंच ते युनिटही मालकांना दिवाळीआधी बंद करायचंय.”