कॉलेजचा सर्वांत थोर पळणारा

मिसिसिपीतल्या कॉलेजच्या स्टेडियमबाहेर, मॅचआधी गाडीमागे डुकराच्या बरगड्या भाजता भाजता दोस्तांत वाद पेटला होता: आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात चेंडू बगलेत मारून पळणाऱ्यांत आजवरचा थोर कोण? म्हातारा थर्मन एकेकाला सोलून काढत होता.

"ड्युविट? अरे, पुढे वाट मोकळी करणारे रेड्यासारखे गडी त्याला हमरस्ता करून द्यायचे. तिथून आमची गाभण गायही पळाली असती!"

"आणि लमार?"

"हं! त्याची सावली कंटाळून त्याच्याआधी पोचायची."

"मग तूच सांग ना लेका, कोण?" एलरॉय वैतागला.

थर्मनने नुसता घसा खाकरला. तरुणपणी याच संघातून खेळताना अख्खं मैदान पार केलेल्या आपल्या त्या धावेचा विषय कोणीतरी स्वतःहून काढेल, म्हणून तर तो दर मोसमात इथे खुर्ची टाकायचा. दोस्त मात्र एकदम बरगड्या उलटवण्यात गुंगले.

एवढ्यात विरोधी कॉलेजचं एक म्हातारं जोडपं लाल टोप्या घालून आलं. म्हाताऱ्याने थर्मनला पाहून टोपीच काढली.

"अगं, हेच ते! स्वतःच्याच गोलाकडे पळत सुटले आणि आपल्याला कप देऊन गेले. आपल्यासाठी इतकं झकास आपल्याकडचंसुद्धा कोणी पळालेलं नाही!"