सरांची पाठ

“डावीकडं दे,” घाटगे सर रेषेबाहेरून ओरडले आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं डावीकडं पास दिला. विरुद्ध संघाचा बॅक आधीच तिथं पोचला होता.

मध्यंतरात तो चाचरत म्हणाला, “सर, तुमचा आवाज त्यांनाही ऐकू येतो.” शाळेपासून त्याचा प्रत्येक पास सरांनीच ठरवला होता. खेळ सुरू झाल्यावर सर मैदानाकडं पाठ करून उभे राहिले.

चेंडू पायात आला, तशी सवयीनं त्याची नजर रेषेकडं गेली. तिथं सरांचा घामानं भिजलेला शर्ट होता. गॅलरीत सगळी पेठ ओरडत होती, दोन बॅक अंगावर येत होते आणि कुणाकडं द्यायचं ते सुचेना. चेंडू गेला. पुढच्या खेपेलाही गेला.

शेवटी कोपऱ्यात पुरता कोंडला गेला, तेव्हा दोघांच्या मधून त्याला उजवीकडचा मित्र धावताना दिसला. त्यानं पास दिला. गोल झाला.

तो धावत सरांकडं गेला. “सर, पास बरोबर होता ना?”

सरांनी दातांत धरलेला रुमाल काढला. “मला काय विचारतोस? मी बघितलाच नाही.”