सत्तावीस वार माळ

ग्वाटेमालातल्या त्या गल्लीतून गुड फ्रायडेची मिरवणूक दुपारी जायची, म्हणून ओतिलिया आणि तिची शेजारीण क्लेमेन्सा सकाळपासून आपापल्या दारासमोर रंगीत भुशाचे गालिचे घालत होत्या. दोन्ही गालिचे बारा वार लांब, तीन वार रुंद, टोकाला टोक लावून. पण दरवर्षी लोक थांबायचे ते क्लेमेन्साच्याच गालिच्यापाशी, आणि ओतिलियाचा नुसता जळफळाट व्हायचा.

फुलवालीकडे क्लेमेन्सानं कडेसाठी सत्तावीस वार माळ मागितली. ओतिलियानं मनात हिशोब केला: बारा दुणे चोवीस, तीन दुणे सहा, झाले तीस. म्हणजे बाईसाहेबांचं एक टोक उघडं पडणार! स्वतः मात्र तिनं तेहतीस वार घेतली आणि क्लेमेन्साकडच्या टोकाला मुद्दाम दुहेरी माळ लावली.

दुपारी बघते तर खरंच, क्लेमेन्साच्या गालिच्याचं ओतिलियाकडचं टोक बोडकं.

"काय गं, कमी पडली ना माळ? एवढीशी बेरीज जमू नये?"

"कमी कशाला पडेल? मोजूनच आणली," क्लेमेन्सा म्हणाली. "म्हटलं, यंदा दोघींचा मिळून एकच लांब गालिचा होऊ दे, मग मधे कड कशाला? सकाळी तेच सांगायला आले होते, तर तू तोंड फिरवलंस."

मिरवणुकीचे ढोल कोपऱ्यावर आले होते.


दोघींच्या मधोमध ओतिलियाची दुहेरी माळ आडवी पडली होती.