भरलेली सिरिंज

आज पहिल्यांदाच अख्खा बोन स्कॅन त्या शिकाऊ मुलीच्या एकटीवर सोपवला होता. "अजिबात हलू नका हं, आजोबा," असं बजावून तिने म्हाताऱ्या पेशंटला टेबलावर पट्ट्यांनी बांधलं. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी सांगाडा उजळू लागला.

"झकास येतंय गं चित्र," सिनिअर मॅडम म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

ती हुरळूनच आवराआवरीला लागली. औषधाची शिशाची पेटी उघडली. आजोबांच्या नावाची सिरिंज आत होती, सकाळी भरली तशीच. गडबडीत ते किरणोत्सारी औषध टोचायचंच राहिलं होतं. आणि ते औषध अंगात गेल्याशिवाय या कॅमेऱ्याला एक हाडसुद्धा दिसत नाही.

तिने किरणं मोजायचं यंत्र आजोबांच्या छातीवरून, पायांवरून फिरवलं. यंत्र मुकाट. पेटीपाशी नेलं, तर तडतडायला लागलं.

तिने पुन्हा पाहिलं. आजोबांचे दोन्ही हात पट्ट्यांखाली घट्ट होते. पडद्यावरचा एक हात मात्र सावकाश वर येत होता.

"पोरी," डोळे न उघडताच आजोबा कुजबुजले, "मी नाही हं हललो."